घराला विमा आहे, पण दागिन्यांना?

२०२५ साली गोव्यात घरांवर पडलेले दरोडे लोक अजून विसरलेले नाहीत. एप्रिलमध्ये दोनापावला, ऑक्टोबरमध्ये म्हापशातली गणेशपुरी आणि नोव्हेंबरमध्ये मुरगाव तालुक्यातलं बायणा. तिन्ही ठिकाणी पद्धत जवळपास एकच. अपरात्री टोळीने घरात शिरायचं, माणसांना बांधायचं किंवा मारहाण करायची आणि कपाटातलं सोनं-रोकड घेऊन पसार व्हायचं. बायण्याच्या घटनेने वास्कोकर जास्त हादरले. एकटा पडलेला बंगला असता तर गोष्ट वेगळी, हे तर भर वस्तीतल्या इमारतीतलं घर होतं. ‘फ्लॅटमध्ये कोण येतोय’ ही समजूत त्या रात्री मोडली.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. रात्रीची गस्त, सीसीटीव्ही, भाडेकरूंची पडताळणी, परराज्यातल्या टोळ्या आणि आपले उघडे नाके, या सगळ्यावर भरपूर चर्चा झाली. ती व्हायलाच हवी. पण एका प्रश्नावर फारसं कोणी बोललं नाही. जे गेलं त्याची भरपाई कुठून येणार? चोर पकडले गेले तरी सोनं जसंच्या तसं परत मिळतंच असं नाही. दागिना हातोहात वितळवला जातो आणि मागे राहते ती लगड. तिच्यावरून आजीची मोहनमाळ कोणी ओळखायची?

यावर बरीच माणसं निर्धास्तपणे सांगतात, ‘आमच्या घराचा विमा आहे.’ हा विमा नेमका कशाचा, हे मात्र पॉलिसीचा कागद बाहेर काढल्याशिवाय कळत नाही, आणि तो कागद बहुतेकांकडे असतो बँकेच्या फाइलमध्ये. पेडण्यात घर बांधायला किंवा वास्कोत, चिखलीत, दाबोळीत फ्लॅट घ्यायला कर्ज काढलं तेव्हा बँकेने चार सह्या घेतल्या, हप्त्याची रक्कम कर्जातच मिळवली आणि विषय मिटला. हा विमा सहसा फक्त इमारतीचा असतो. बँकेला तिच्या तारणाची काळजी, तुमच्या कपाटाची नाही. कित्येकदा तर तो घराचा विमाही नसतो. कर्जदाराचा मृत्यू झाला तर कर्ज फेडणारा तो आयुर्विमा असतो. ‘लोन प्रोटेक्शन’ एवढे दोन शब्द वाचून घराला संरक्षण आहे असं समजणारे आपल्या ओळखीत शोधले तर पाच-सहा तरी सापडतील.

जिथे खरोखर घराचा विमा आहे, तिथे तो आता बहुधा ‘भारत गृह रक्षा’ या नावाचा असतो. विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ही एकसारखी पॉलिसी देणं बंधनकारक केलं. कंपनी कुठलीही असो, मूळ मजकूर तोच. आणि मजकूर वाईट नाही, उलट जुन्या आगीच्या पॉलिसीपेक्षा पुष्कळच चांगला आहे. आग, वीज, वादळ, पूर, दरड, भूकंप, दंगल, पाण्याची टाकी फुटणं असे धोके यात येतात. इमारतीचा विमा काढला की तिच्या विमा रकमेच्या २० टक्के, पण जास्तीत जास्त १० लाख रुपयांपर्यंत घरातल्या सामानाला वेगळी यादी न देता संरक्षण मिळतं. फर्निचर, फ्रीज, टीव्ही, भांडीकुंडी, कपडे, गच्चीवरचे सौर पॅनेल, सगळं त्यात धरलं जातं. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते. फक्त सामानाचा विमाही काढता येतो, त्यामुळे घर स्वतःच्या नावावर असलंच पाहिजे असं नाही. भाडेकरूला जमतं, आणि ज्याच्या घराखालची जमीन भाटकाराच्या नावावर आहे त्या मुंडकारालाही. एक-चौदाच्या उताऱ्यावर डझनभर वारसांची नावं असलेल्या वडिलोपार्जित घरात राहणाऱ्यालाही स्वतःच्या सामानापुरता विमा घेता येतो.

ही पॉलिसी आली आणि तिची गरज किती होती ते त्याच वर्षी दिसलं. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने किनाऱ्याला झोडपलं. २३ जुलैला पूर आला. वाळवंटी, म्हादई, शापोरा सगळ्याच नद्यांनी पात्रं सोडली. डिचोली, सत्तरी, पेडणे तालुक्यांत घरं पाण्यात गेली. १९८२ नंतरचा हा सगळ्यात मोठा पूर, असं मुख्यमंत्री प्रमोद सावंत यांनी तेव्हा सांगितलं होतं आणि हजाराच्या आसपास घरांचं नुकसान झाल्याचा सरकारी अंदाज होता. साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल या भागातल्या लोकांना पुराचं वेगळं सांगायला नको. तिळारीचं पाणी दोडामार्गात वाढलं की त्यांची झोप उडते. राज्य आपत्ती निधीचे २०२२ ते २०२६ या काळासाठीचे केंद्राचे निकष पाहिले तर पुरात बुडालेल्या घरातल्या कपड्यांसाठी एका कुटुंबाला २,५०० रुपये आणि भांडी-सामानासाठी २,५०० रुपये, एवढी मदत धरलेली आहे. पाच हजारात आज एक साधी गादी आणि मिक्सर येईल. त्यामुळे पुराच्या पट्ट्यातल्या घराने सामानाचा विमा घेणं हा शहाणपणाचाच सौदा आहे, याबद्दल वाद नाही.

गोम आहे ती पुढे. याच पॉलिसीत चोरीबद्दल काय लिहिलंय ते बघा. पूर, आग, वादळ असा एखादा विमाकृत प्रसंग घडला आणि त्यामुळे सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली तर भरपाई. एवढंच. म्हणजे पुरात दार तुटलं, माणसं शाळेत आसऱ्याला गेली आणि मागे कोणी टीव्ही उचलून नेला, तर पैसे मिळतील. पण नेहमीच्या कोरड्या रात्री कुलूप तोडून कोणी कपाट साफ केलं, तर मूळ भारत गृह रक्षा पॉलिसीतून एक रुपया येणार नाही. बायण्यासारख्या दरोड्यात तेच. घरफोडीचं संरक्षण वेगळं मागावं लागतं. ते जोड म्हणून किंवा ‘हाउसहोल्डर्स पॅकेज’ म्हणून मिळतं आणि त्याचा हप्ता वेगळा लागतो.

दुसरी गोम दागिन्यांची. सामान आपोआप धरलं जातं असं वर म्हटलं, त्यात दागिने येत नाहीत. पॉलिसीच्या भाषेत दागिने, चांदीची भांडी, चित्रं, जुन्या दुर्मिळ वस्तू हा ‘मौल्यवान वस्तू’ असा वेगळा गट आहे. तो ऐच्छिक आहे, त्याची रक्कम आधी ठरवून लिहून घ्यावी लागते. रोख पैसे तर या सामानात कुठेच बसत नाहीत. म्हणजे ज्या दोन वस्तूंसाठी चोर येतो, त्या दोन्ही वस्तू आणि तो चोर, तिघेही मूळ पॉलिसीच्या बाहेर! हे कळायला कायद्याची पदवी लागत नाही, कागद वाचावा लागतो. आणि विकणाऱ्यानेही सांगायला हवं. नूतनीकरणाचा फोन करणारी मुलगी दोन मिनिटांत ‘सर, सेम पॉलिसी कंटिन्यू करू का?’ एवढंच विचारते, आणि आपण ‘हो’ म्हणून मोकळे होतो.

घरफोडीचं संरक्षण घेतलं तरी एक शब्द तपासून घ्यावा. विम्यात घरफोडी आणि चोरी एक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली युनायटेड इंडिया विरुद्ध हरचंद राय चंदन लाल या खटल्यात स्पष्ट केलं की पॉलिसीत घरफोडीची व्याख्या बळ वापरून केलेला प्रवेश अशी असेल, तर तशी तोडफोड किंवा बळजबरी झाल्याशिवाय भरपाई मागता येणार नाही. सामान्य माणसाला चोरी म्हणजे चोरी, पण न्यायालय पॉलिसीतले शब्द बघतं. दार उघडं होतं, मागच्या पडवीतून कोणी हळूच आत आला, खुंटीवरची चावी घेऊन कपाट उघडलं, असं झालं तर दावा अडकू शकतो. आपल्या खेड्यातल्या घरांत दिवसा दार लावायची पद्धतच नाही, म्हणून हे जास्त महत्त्वाचं. साधी चोरीही धरणारा पर्याय काही कंपन्या देतात, तो नावाने मागावा. घरातल्याच माणसाचा हात असेल तर मात्र बहुतेक कंपन्या हात वर करतात.

सोन्याच्या भावाने केलेली उलथापालथ

आता नूतनीकरणाकडे येऊ, कारण आज खरा तोटा तिथे होतोय. २०२१ च्या सुरुवातीला दहा ग्रॅम सोनं साधारण पन्नास हजारांच्या घरात होतं. आपण बोलीत त्यालाच तोळा म्हणतो, तसंच इथेही म्हणू. २०२५ च्या एप्रिलमध्ये त्याने लाखाचा आकडा प्रथमच गाठला आणि वर्ष संपताना भाव त्याच्याही बराच वर होता. हिशेबाला सोपं म्हणून सव्वा लाख धरूया.

समजा एका घरात दहा तोळे दागिने. २०२१ मध्ये पाच लाखांचा विमा काढला, तेव्हा तो बरोबर होता. त्यानंतर दरवर्षी ‘सेम पॉलिसी’. आज त्या सोन्याची किंमत साडेबारा लाख. सगळंच गेलं तर हातात येणार पाच लाख, म्हणजे उरलेले साडेसात लाख आपल्याच खिशातून गेले. हे निदान समजण्यासारखं आहे. पण थोडंच गेलं तर? चार तोळे चोरीला गेले, किंमत पाच लाख. माणूस म्हणेल, विमा पाच लाखांचा आहे, नुकसान पाच लाखांचं आहे, पूर्ण मिळेल. घरफोडीच्या पुष्कळ पॉलिसींत मात्र प्रमाणशीर कपातीची अट असते. साडेबारा लाखांच्या मालाचा पाच लाखांचा विमा म्हणजे ४० टक्के, म्हणून भरपाईही ४० टक्के. हातात दोन लाख. कमी विमा असला तरी कपात नाही, ही भारत गृह रक्षाची सवलत इमारतीला आणि सामानाला आहे. शेजारी जोडलेल्या घरफोडीच्या कलमाला ती लागू आहे असं धरून चालू नये, लेखी विचारून घ्यावं.

भारत गृह रक्षामध्ये मौल्यवान वस्तूंचा विमा ‘मान्य किमती’वर असतो. म्हणजे आधी ठरली ती रक्कम, नंतर घासाघीस नाही. ऐकायला छान. पण भाव दुपटीहून वर गेल्यावर तीच मान्य किंमत गळ्यात अडकते. इमारतीच्या रकमेला दरवर्षी १० टक्के आपोआप वाढ देण्याची सोय आहे. दागिन्यांची ठरलेली रक्कम मात्र आपण बदलल्याशिवाय कागदावर जशीच्या तशी राहते. दहा वर्षांची पॉलिसी स्वस्त पडते म्हणून घेतलेल्यांनी तर हे खास लक्षात ठेवावं. इमारतीला लांब मुदत चांगली, सोन्याला वर्षाची बरी.

भाववाढीने आणखी एक नियम निकामी केला आहे, त्याची दखल फारशी कोणी घेतलेली दिसत नाही. दागिन्यांची एकूण रक्कम पाच लाखांपर्यंत असेल आणि कुठलाही एक नग एक लाखाच्या वर नसेल, तर मूल्यांकनाचा दाखला लागत नाही अशी सवलत या पॉलिसीत आहे. २०२१ मध्ये एका लाखात दोन तोळ्यांची पाटली बसत होती. आज एका तोळ्याची साधी चेनही मर्यादेबाहेर जाते. नियम करताना सामान्य घराला कागदपत्रांचा ताप नको हा हेतू होता, पण आता नेमकं सामान्य घरच दाखल्याच्या रांगेत उभं राहिलं. नियामकाने हा आकडा दुरुस्त करायला हवा. तोपर्यंत नोंदणीकृत मूल्यांकनकाराकडून दाखला करून घेणं आलं. ही मूल्यांकनकारांची नोंदणी मूळची संपत्ती कर कायद्याखालची. संपत्ती कर २०१५ च्या अर्थसंकल्पात गेला, पण मूल्यांकनकार कामाला उरले.

दाखला म्हटला की लोक गप्प होतात. खरं कारण हप्ता नसतं, भीती असते. ‘एवढं सोनं कागदावर दाखवलं तर इन्कम टॅक्सवाले येतील.’ ही भीती पेडण्यापासून बेळगावपर्यंत सगळीकडे सारखी. वस्तुस्थिती अशी की दागिने बाळगण्यावर कर नाही. वारशाने आलेल्या किंवा जाहीर उत्पन्नातून घेतलेल्या सोन्याला कमाल मर्यादाही नाही. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची ११ मे १९९४ ची सूचना आहे, ती झडतीपुरती. विवाहित स्त्रीचे ५०० ग्रॅम, अविवाहित स्त्रीचे २५० ग्रॅम आणि पुरुषाचे १०० ग्रॅमपर्यंत दागिने जप्त करू नयेत असं ती सांगते. सर्वसाधारण नोकरदार, शेतकरी किंवा छोट्या दुकानदाराच्या घरातलं सोनं या आकड्यांच्या आतच बसतं. ज्यांचं बसत नाही आणि हिशेबही नाही, त्यांचा प्रश्न विम्याचा नाही, वेगळा आहे. बाकीच्यांनी या भीतीपायी आईच्या बांगड्या उघड्यावर ठेवायचं कारण नाही.

बिल नाही ही अडचण खरी. जुना दागिना सासूने दिलेला, तिला तिच्या आईने. त्याला कसलं बिल? अशा वेळी मूल्यांकन दाखला, प्रत्येक नगाचा वजनासकट फोटो आणि लग्नकार्यातले अंगावर घातलेले फोटो, एवढं तरी असावं. नवीन दागिन्यांवर १ एप्रिल २०२३ पासून सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी क्रमांक सक्तीचा आहे, तो प्रत्येक नगाचा वेगळा असतो. तो टिपून ठेवावा. पण यादी दागिन्यांच्याच डब्यात ठेवू नये! मुलाच्या मोबाइलवर, ई-मेलवर पाठवून ठेवावी. या फोटोंचा उपयोग विम्यापुरताच नाही. चोर सापडून दागिना मिळाला तर तो न्यायालयाकडून सोडवून घ्यावा लागतो. सुंदरभाई अंबालाल देसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सांगितलं होतं की असा ऐवज वर्षानुवर्षं पोलिस ठाण्यात पडू देऊ नये, पंचनामा, फोटो आणि हमी घेऊन मालकाला परत द्यावा. दागिना आपलाच हे दाखवता आलं तर ते काम सोपं होतं.

लॉकर आहे की, मग?

‘आमचं सोनं बँकेत असतं’ हे उत्तर ठरलेलं. लॉकर घरापेक्षा सुरक्षित हे मान्य. पण लॉकर म्हणजे विमा नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये अमिताभ दासगुप्ता प्रकरणात बँकांना जबाबदारी झटकता येणार नाही असं बजावल्यावर रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये नवे नियम काढले, ते १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले. आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची लबाडी यामुळे नुकसान झालं तर बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या १०० पट. भाडं ३,००० रुपये असेल तर तीन लाख. आपल्या उदाहरणातलं सोनं साडेबारा लाखांचं आहे. बँकेने पुरेशी काळजी घेतली असेल तर पूर, भूकंप अशा नैसर्गिक आपत्तीत तेवढेही नाहीत. आणि ठेवींना जो पाच लाखांपर्यंतचा विमा असतो त्याचा लॉकरशी काही संबंध नाही. हे नियम व्यापारी आणि सहकारी बँकांचे. पतसंस्थेच्या तिजोरीत ठेवलेल्या डब्याला ते लागू होत नाहीत, तिथे संस्थेशी झालेला करार काय म्हणतो ते पाहावं.

शिवाय सोनं लॉकरमध्ये कायम राहत कुठे? चवथीला ते बाहेर येतं. मग दिवाळी, मग तुळशीचं लग्न झालं की घराण्यात कुठलं ना कुठलं कार्य निघतं, मग जत्रा. परत लॉकरमध्ये जायला माघ उजाडतो. आणि बँकेत जायला वेळ मिळेपर्यंत डबा कपाटातच, साड्यांच्या खाली.

सीमेवरच्या घरांची अडचण इथे सुरू होते. मुरगाव तालुक्यात बंदर, गोदी, नौदल, कारखाने यांच्या निमित्ताने आलेली माणसं मालवण, कुडाळ, सावंतवाडीची आहेत, कारवारची आहेत, बेळगाव-खानापूरची आहेत. चवथीला ती गावाला जातात आणि वास्कोतल्या इमारतींत मजलेच्या मजले बंद असतात. उलट पेडणे, डिचोली, दोडामार्ग, बांद्यातली कित्येक घरं वर्षभर बंद आणि मालक मुंबईत. ती घरं चवथीला उघडतात. म्हणजे गणपतीचे दिवस सोडले तर एक कुलूप, गणपतीच्या दिवसांत दुसरं. चोराला हे वेळापत्रक आपल्यापेक्षा चांगलं पाठ असतं.

विमा कंपनीलाही ते माहीत आहे. म्हणून घरफोडीच्या कित्येक पॉलिसींत सलग ठरावीक दिवस घर बंद राहिलं तर संरक्षण थांबतं, दागिन्यांसाठी तर अट आणखी कडक असते. किती दिवस, हे कंपनीगणिक वेगळं. मुंबईत राहून पेडण्याच्या बंद घराचा विमा भरणाऱ्याने हे कलम सगळ्यात आधी शोधावं. काही वेळा कळवून, जादा हप्ता भरून ही अट सैल करून मिळते. न कळवता गप्प बसणं महाग पडतं.

दुसरं, घरातल्या वस्तूंचा विमा त्या घराच्या पत्त्याला बांधलेला असतो. वास्कोच्या पत्त्यावरच्या पॉलिसीतलं मंगळसूत्र सावंतवाडीच्या माहेरी असताना गेलं, तर तो दावा अवघड. गावच्या घरात ठेवलेला डबा, लग्नाच्या हॉलवर अंगावर असलेला हार, गाडीतून नेलेली पर्स या सगळ्यासाठी ‘ऑल रिस्क’ नावाचं वेगळं संरक्षण असतं, जे दागिन्याबरोबर फिरतं. त्यातही बंद गाडीत सोडून गेलेल्या वस्तूंना बहुधा वगळलेलं असतं. कोकण रेल्वेने जाणाऱ्यांनी रेल्वेच्या भरवशावर राहू नये. प्रवाशाच्या स्वतःजवळच्या ऐवजाची चोरी झाली तर रेल्वेच्या सेवेत त्रुटी ठरत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जून २०२३ मध्ये सांगितलेलं आहे. हे संरक्षण महाग आहे, ते नाकारून चालणार नाही. सगळ्या सोन्याला न घेता जे चार नग नेहमी प्रवासात असतात तेवढ्यांनाच घेतलं तर परवडतं.

पॉलिसी कोणाच्या नावावर असावी, हाही आपल्याकडचाच प्रश्न. गोव्यात पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या कायद्याने, लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सहसा समाईक धरली जाते. महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात हिंदू स्त्रीचे माहेरचे दागिने हे तिचं स्त्रीधन, एकटीचं. सावंतवाडीची मुलगी पेडण्यात दिली आणि संसार वास्कोत, तर त्या पाटल्या कोणाच्या, यावर वकील तासभर बोलू शकतील. पॉलिसीपुरता उपाय सोपा आहे. दोघांची नावं घालावीत, आणि एकत्र राहणाऱ्या सासूचे दागिने असतील तर तेही तिच्या नावासकट यादीत लिहावेत.

हप्त्याबद्दल थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून विम्यावरचा जीएसटी गेला असं सगळे म्हणतात. तो गेला वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्य विम्यावरचा. घराच्या विम्यावर १८ टक्के आहेच, तेव्हा नूतनीकरणाच्या बिलावर तो दिसला म्हणून एजंटाशी भांडू नये. आणि मुदत संपल्यावर आरोग्य विम्यासारखे सवलतीचे दिवस इथे मिळतील असं गृहीत धरू नये. ज्या मध्यरात्री पॉलिसी संपते तिच्या दुसऱ्या दिवशीचं नुकसान आपलं. चवथीच्या आधीच्या गडबडीत संपणारी पॉलिसी असेल तर ती आषाढातच नवी करून, दागिन्यांची रक्कम त्या दिवसाच्या भावाने बदलून घ्यावी.

चोरी झालीच तर पहिलं काम पोलिस, लगेच दुसरं विमा कंपनी. त्यात दोन दिवसांचाही उशीर नको. गावाला असताना वास्कोतल्या शेजाऱ्याचा फोन आला तर तिथूनच तक्रार देता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत हद्द न बघता कुठल्याही ठाण्यात गुन्हा नोंदवण्याची, म्हणजे ‘झिरो एफआयआर’ची, तरतूद आहे. ठाणेदार ‘तिकडे जा’ म्हणाला तर कलम १७३ दाखवावं. पंचनाम्यात मात्र प्रत्येक नग वजनासकट आला पाहिजे. ‘अंदाजे दहा तोळे सोनं’ एवढ्यावर सर्वेक्षक पुढे सरकत नाही. आयआरडीएआयच्या २०२४ च्या नियमांप्रमाणे दावा कळवल्यापासून २४ तासांत सर्वेक्षकाची नेमणूक, १५ दिवसांत त्याचा अहवाल आणि त्यानंतर सात दिवसांत कंपनीचा निर्णय, असं वेळापत्रक आहे. प्रत्यक्षात चोरीच्या दाव्यात तपास बंद झाल्याचा पोलिसांचा अंतिम अहवाल मागितला जातो आणि महिने जातात. भरपाई घेतल्यावर दागिना सापडला तर तो कंपनीचा होतो, हेही माहीत असावं. आठवणीचा दागिना असेल तर रक्कम परत करून तो घेता येईल का, हे कंपनीला तेव्हाच लेखी विचारावं.

कंपनीने नाही म्हटलं तर आधी तिच्याच तक्रार निवारण विभागाकडे लेखी जावं. तिथे ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर विमा लोकपालाकडे. वकील लागत नाही, शुल्क नाही, मुदत एक वर्षाची. फक्त दार कुठलं ते नीट बघावं, कारण इथेही सीमा आडवी येते. गोव्याचं आणि सिंधुदुर्गाचं काम पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे आहे आणि बेळगाव-कारवारचं बेंगळुरूच्या. पेडण्यातल्या घराचा दावा पुण्याला जातो आणि तेरेखोलच्या पलीकडच्या आरोंद्यातल्या घराचाही.